आठ हजार वेढे

वर्सोवा,
सोमवार, ९ नोव्हेंबर १९८७

प्रिय नलू,

पाकिटावरचं अक्षर बघून तुला वाटलं असेल, तुझ्या बाबांचं पत्र आलं. पत्ता मी मुद्दाम लवूकाकांकडून लिहून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट तसंच फाडून टाकलं असतंस, आणि तुझं काही चुकलंही नसतं. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मधेच फाडू नकोस. फाडायचंच असेल तर शेवटचं पान वाचून फाड, तेव्हा तुझ्याकडे कारण तरी जास्त चांगलं असेल.

लवूकाका मला अंधेरीच्या मासळीबाजारात भेटले. आयच्या पाटीवर अधूनमधून बांगडे घ्यायला येतात. सात बंगल्याकडे एका नव्या बिल्डिंगीत वॉचमन आहेत, ते तुला माहीत असणारच. खाकी कपड्यात बघवत नाही गं त्यांना, पण गिरणीचं नाव काढलं की अजून पाठ ताठ होते. तुझी चौकशी केली तर म्हणाले, "बरां आसा. खाऊनपिऊन सुखी आसा." मग उगीचच बांगडे चाचपत राहिले आणि खाली मान घालून म्हणाले, "पण हल्ली चेडू गप गप रवता गो." तू आणि गप! शाळेत बाई फळ्याकडे वळल्या की सगळ्या वर्गाची बडबड एकटी करणारी तू. त्या दिवसापासून हे पत्र डोक्यात घोळतंय.

आधी इकडची बातमी सांगते. अनंतानं होडीला इंजिन बसवलं. तेव्हापासून त्याला खाडीकाठची आपली शेड हवीय, बर्फाच्या पेट्या आणि जाळी ठेवायला. सख्खा भाऊ, पण चार लोकांत म्हणाला, "बाईमाणसानं रंधा मारायचा म्हणजे काय? लोक हसतात." आय तेव्हा सुरमई कापत होती. कोयता तसाच हातात धरून उठली. "लोकांचा काय सांगतस मना? मी म्हावरं इकून तुला मोठा केला, तवा हसाला कोन आला नव्हता!" माझ्या बाबांचे हात आता कापतात, त्यामुळे होड्या बांधणं सुटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडीला नवं कुलूप आणलं आणि दोन्ही किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या. वर्सोव्याच्या हरेश्वर सुतारानं पोरीला दिलेलं सर्टिफिकेट समज. तर शेड माझ्याकडे आहे आणि राहणार आहे.

त्याच शेडीत त्र्याऐंशीच्या शिमग्याला तू माझ्या शेजारी उकिडवी बसली होतीस. कोळीवाड्यात ऑर्केस्ट्रा आला होता. तू सीप्झमधल्या त्या कंपनीत लागून वर्ष झालं होतं. दिवसभर भिंगाखाली वाकून केसाएवढ्या तारेच्या कॉईल गुंडाळायचीस. लवूकाकांचा संप सुरू, त्यामुळे तुमचं सगळं घर तुझ्या त्या बोटांवर. मी दहावीनंतर बाबांच्या हाताखाली होडीच्या फळ्या तासत होते, कारण अनंताला लाकडाचा कंटाळा आणि मला लाकडाचा वास आवडायचा. गाणी रंगात आली असताना गिटारवाल्या राजारामचा पाय वायरीत अडकला आणि तो गिटारीसकट स्टेजवरून खाली आला. त्याला काही झालं नाही, गिटारीची मात्र वाट लागली. दांडा चिरला, आवाज बंद. घरातलं माणूस आजारी पडल्यासारखा तो आमच्या पायरीवर बसला होता. मी म्हटलं, दांडा मी सांधते. तू म्हणालीस, तारांखालची ती आवाज पकडणारी डबी मला उघडून बघू दे. बाप्ये मंडळी हसली. चार दिवसांनी मी सरस लावून, होडीला ठोकतो तशी आतून लाकडाची खुंटी ठोकून दांडा बसवला होता. तू ती डबी उघडून, तुटलेली तार काढून नव्यानं गुंडाळली होतीस. गिटार वाजली तेव्हा राजारामचं "झकास!" आख्ख्या वाड्यानं ऐकलं. आणि बसस्टॉपवर जाताना तू मला म्हणालीस, "मंजू, ह्यात आहे काय? लाकूड तुला येतं, तार मला येते. आपणच बनवू की." बस येईपर्यंत आपण पहिल्या गिटारीचं धड रस्त्यावरच्या धुळीत काढलंसुद्धा.

किती चुकलो गं आपण! बाबांनी मोडीत निघालेल्या होडीचं सागवान दिलं. म्हणाले, घ्या, ह्याला जेवढं वाकायचं तेवढं वाकून झालंय, आता हे हलत नाही. हललं नाही खरंच, पण उचललंही जाईना. पहिली गिटार गळ्यात अडकवली तेव्हा राजाराम म्हणाला, "ही घातली की माणूस आपोआप प्रेक्षकांना नमस्कार करतो." मग मी ते धड आतून पोखरलं. पडद्यांचं तर विचारूच नको. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या कुणीतरी सांगितलं होतं, तारेच्या लांबीला अठरानं भागा, तिथे पहिला पडदा. उरलेल्याला परत अठरानं भागा, तिथे दुसरा. मी मन लावून सगळे पडदे बसवले आणि वरच्या पट्टीत गेलं की सूर उतरायला लागला. तू तीन रविवार दहावीचं लॉगचं पुस्तक घेऊन बसलीस. चौथ्या रविवारी कागद नाचवत आलीस. बाराव्या पडद्यावर तार बरोब्बर अर्धी व्हायला हवी, अठरानं ती होत नाही, सतरा पूर्णांक आठशे सतरानं होते! मी तुला कोळीवाड्यातल्या ठेवणीतल्या शिव्या दिल्या आणि सगळे पडदे उपटले.

आणि तुझी कॉईल. रुक्मिणीकाकूंचं, तुझ्या आईचं, हाताचं शिलाई मशीन तू पाठीशी बांधून जोगेश्वरीहून आणलंस. त्याच्या चाकाला लाकडाची चकती लावलीस, आणि तिच्यावर तार गुंडाळायला लागलीस. एका डबीला आठ हजार वेढे. उजव्या हातानं चाक, डाव्या हाताच्या दोन बोटांत तार, ओढ जराही कमीजास्त नाही. शंभर वेढे झाले की मी पाटीवर रेघ मारायची, आणि तेवढा वेळ मला बोलायची बंदी. तुझ्यासोबत मी आयुष्यात गप्प बसले ती तेवढीच. तार तुटली की तू चिडायची नाहीस. शांतपणे सगळं उलगडायचीस आणि एकपासून सुरू करायचीस. मी विचारलं, सात हजारांवर तुटली तर जोड ना तिथेच, कोण बघतंय? तू म्हणालीस, "तार बघते."

पहिल्या गिटारीतून बर्फाच्या कारखान्यासारखी घरघर यायची. ती घालवायला तू चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद आत सगळीकडे चिकटवलास. चौऱ्याऐंशीच्या गणपतीत राजारामनं ती घाटकोपरला वाजवली, आणि आपण दोघी पहिल्या रांगेत उभ्या होतो. मला तर गाणं काही ऐकूच आलं नाही. मी नुसती दांड्याकडे बघत होते, आत्ता वाकेल, मग वाकेल. तू माझा हात इतका घट्ट धरला होतास की तुझी नखं रुतली. त्यानंतर आपण आणखी चार केल्या. तिसरीपासून दांड्याच्या टोकाला मी पांढऱ्या रंगात लिहायला लागले, मंजुळा-नलिनी. राजाराम म्हणायचा, केसाच्या तेलाचं नाव वाटतं. वाटू दे, म्हटलं.

मग नंदकिशोर आला. अंधेरी स्टेशनाबाहेर त्याचं वाद्यांचं दुकान होतं, बोलायला गोड. त्यानं गिटार वाजवून बघितली, उलटी केली, सुलटी केली, आणि म्हणाला, दर महिन्याला दोन घेतो, वर्षभर घेतो. अट एकच. हे तेलाचं नाव जाईल, तिथे मी देईन ती पितळी पट्टी लागेल. पट्टीवर कुठल्यातरी गोऱ्याचं नाव होतं, तसा माणूस जगात जन्मला होता की नाही देव जाणे. आणि दोन पोरी बनवतात हे कुणाला सांगायचं नाही. "गिऱ्हाईक हातात घेणार नाही," म्हणाला.

तू हो म्हणायला निघाली होतीस. मी त्याला शेडीबाहेर काढलं. मग आपण भांडलो. तू म्हणालीस, "मंजू, तुझ्या घरात संध्याकाळी मासळी तरी असते. आमच्या घरात फक्त मी असते." आणि त्यावर मी जे बोलले ते मी इथे परत लिहिणार आहे. विसरले असं तुला वाटायला नको. मी म्हणाले, "तुझ्या बापानं तीन वर्षं मालकापुढे मान खाली घातली नाही. तू तीन मिनिटांत घातलीस. विकली गेलीस तू."

तू मशीन पुसलंस, त्यावर झाकण घातलंस, पाठीशी बांधलंस आणि निघून गेलीस. मे महिन्यात तुझ्या लग्नाची पत्रिका आली. मुलुंडचे चंद्रप्रकाश, सरकारी कचेरीत. मी आले नाही. आय येऊन गेली. तिनं सांगितलं, सासरी म्हणे सांगितलंय की मुलगी कंपनीत लिहिण्याचं काम करायची. मी तेव्हा आयपुढे तोंड वाकडं केलं होतं. मोठी आले मी तोंड वाकडं करणारी!

तू गेल्यावर मी एकटीनं करून बघितलं. हातानं फिरवायचा ड्रिल घेऊन तार गुंडाळायला बसले. तीन हजारांच्या पुढे एकदाही गेले नाही. तुटली की मी तुझ्यासारखी शांत राहत नव्हते, चकती खाडीत भिरकावून देत होते. कोळीवाड्याच्या खाडीत माझ्या किती चकत्या आहेत ते ओहोटीला बघ येऊन. एका रेडिओवाल्याकडून गुंडाळून आणली, ती इतकी घरघरायची की राजाराम म्हणाला, हिच्यावर भजी तळता येतील. मग मी स्टुलं केली, देव्हारे केले, लोकांच्या होड्यांची वल्ही तासली.

आता दिवाळीतली गोष्ट. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी पार्ल्याची एक मुलगी शेडीत आली. मीरा नाव, कॉलेजात शिकते आणि मुलींच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवते. हो, गिटार, आणि उभी राहून! राजारामनं तिला सांगितलं होतं, वर्सोव्याला एक बाई दुरुस्त करते. तिनं खोळ उघडली. "फॉरेनची आहे, जरा जपून हं," म्हणाली. "आवाजच गेलाय. तुम्हाला उघडता येईल ना? आपल्याकडे असं काम होत नाही हो."

नलू, ती गिटार माझी होती. टोकाला पितळी पट्टी, आणि पट्टीवर तोच गोरा.

होय. गेल्या वर्षी पावसाळ्यात मी स्वतः नंदकिशोरच्या दुकानात गेले होते. बाबांना हाताचं दुखणं लागलं होतं, पण त्याच्यावर ढकलत नाही. घरात खायला होतं. मला फक्त सहन होत नव्हतं की मी वल्ही तासत बसलेय आणि मला गिटार बनवता येते हे कुणाला माहीतसुद्धा नाही. तीन गिटारी केल्या आणि तिन्हींवर त्याच्या पट्ट्या मी माझ्या हातानं ठोकल्या.

मीरा माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, गप्प बसावं, सुटलेली वायर जोडावी आणि तिला वाटेला लावावं. सोल्डर माझंच होतं, म्हणूनच सुटलं होतं. पण त्या पोरीचं ते "आपल्याकडे होत नाही" कानात शिरलं होतं. मी म्हणाले, "ही मी बनवलीय." ती हसली. राग नाही आला तिला, गंमत वाटली. मी म्हटलं, "मागचं झाकण तू उघड. मी हात लावत नाही. खालचा डावा स्क्रू बाकीच्यांपेक्षा आखूड आहे, मला एक कमी पडला होता. आतल्या लाकडात दोन खिळ्यांची भोकं बुजवलेली दिसतील, कारण ते लाकूड आधी होडी होतं. आणि सगळीकडे चहाच्या खोक्यातला कागद आहे." तिनं उघडलं. दोन्ही भोकं बोटानं चाचपली. मग तिनं विचारलं ते ऐक. तिनं विचारलं, "मग ह्याच्यावर तुमचं नाव का नाही?"

मी पटाशी घेतली, तिच्यादेखत ती पट्टी उचकटली आणि मीराला घेऊन तशीच अंधेरीला गेले. दुकानात दिवाळीची गर्दी होती. मी पट्टी काउंटरवर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की ह्या नावाच्या गिटारी परदेशातून येत नाहीत, वर्सोव्याच्या खाडीवरून येतात, आणि त्या बनवणारी मी. आयचा आवाज घेतलाय मी, माहीत आहे ना, बाजाराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. नंदकिशोर आधी हसला, मग लाल झाला. म्हणाला, "अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत एक दुकान तुझा माल ठेवणार नाही, बघतो मी." मी म्हटलं, बघ. दुकानात ठेवायला मी आता बनवतच नाही, वाजवणाऱ्यांसाठी बनवते. बाहेर आल्यावर मीरानं मला उसाचा रस पाजला आणि तिथेच म्हणाली, आमच्या ऑर्केस्ट्राला दोन करून द्या. राजारामला कळलं तेव्हा तोही म्हणाला, मला एक, ह्या वेळी हलकी.

लाकूड घासून तयार आहे. दांडे तयार आहेत. डबी नाही. आणि इथे मला ते लिहायचं आहे ज्याच्यासाठी हे पत्र घेऊन बसले. तू मशीन घेऊन गेलीस त्या दिवशी बाकावर तुझ्या सहा कॉईल राहिल्या होत्या, तयार, कापडात गुंडाळलेल्या. आधी हट्टानं मी त्यांना हात लावला नव्हता. एका गिटारीला दोन. सहा म्हणजे तीन गिटारी. कळलं ना? तुला विकली गेलीस म्हणाले मी, आणि तुझ्याच हातच्या कॉईल, तुला न विचारता, त्या गोऱ्याच्या नावाखाली मी विकल्या. तू निदान घरासाठी विकणार होतीस आणि मला विचारून विकणार होतीस. मीरानं झाकण उघडलं तेव्हा सगळं सुटलं होतं, माझं सोल्डर, माझी वायर. तुझ्या कॉईलला काही झालं नव्हतं. चूक माझी होती, नलू. तेव्हाही आणि नंतरही.

येत्या रविवारी, पंधरा तारखेला, सकाळी दहा वाजता मी मुलुंडला तुझ्या घरी येतेय. पुढच्या दारानं. चंद्रप्रकाशराव घरी असतील, सासूबाई असतील. त्यांच्यासमोर तुझी माफी मागेन, कारण शिवी मी मोठ्यानं दिली होती. तू काय काम करायचीस ते मी सांगणार नाही, ते सांगायचं की नाही हे तुझं तू ठरव. पण तुला मी विचारणार आहे, काम करतेस का? आल्यापावली हाकललंस तरी चालेल. दार लावलंस तर मी जिन्यात बसेन, मला भरती-ओहोटीची सवय आहे. "नाही" म्हणायचं असेल तर म्हण, हक्क आहे तुझा, पण माझ्या डोळ्यात बघून तू म्हण. तुझ्या वतीनं दुसऱ्या कुणाचं "नाही" मी ऐकून घेणार नाही.

भांडायची पूर्ण तयारी करून येणारी,
तुझीच,
मंजू